जुन्या फोर्ड मॉडेल ए च्या चेसिसवर कमी खर्चात हॉट रॉड : आराखडा कसा आखावा?

डेटनवासी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात राहतो. पोटापाण्याचा उद्योग संगणकाचा असला तरी शनिवार-रविवारी हात काळे केल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेल्या महिन्यात गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए ची चेसिस विकत घेतली. तिच्यासोबत पुढचा आय-बीम ॲक्सल (छेद इंग्रजी I सारखा असलेला भरीव दांडा), मागचा ॲक्सल टॉर्क ट्यूबसकट (शाफ्टची बंद नळी), दोन्हीकडचे आडवे पाटे, तारांची १९ इंची चाके, काउल (दरवाज्यांच्या पुढचा, डॅशबोर्डभोवतीचा बॉडीचा भाग) आणि दोन दरवाजे एवढे सामान मिळाले. इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटर यांचा पत्ता नाही. गंज आहे, पण तो वरवरचा दिसतो. हातोडीने जागोजागी ठोकून पाहिले तेव्हा आवाज खणखणीत आला.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुनी फोर्ड घ्यायची, मडगार्डांसारखे अनावश्यक वजन उतरवून ती हलकी करायची, पुढून खाली बसवायची आणि मूळच्या ४० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जागी दमदार इंजिन टाकायचे, असा हा कॅलिफोर्नियातील तरुणांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून जोपासलेला छंद आहे. त्यांच्याकडे पैसे नव्हते आणि माझ्याकडेही फार नाहीत. एकूण ८,००० डॉलरांत गाडी रस्त्यावर यावी अशी इच्छा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. मूळ चेसिस मजबूत करून वापरावी, की शेव्हरोले एस-१० या जुन्या छोट्या पिकअपची चेसिस घेऊन तिच्यावर मॉडेल ए चा सांगाडा चढवावा? इंजिन कोणते घ्यावे? आणि पैसे कोणत्या क्रमाने खर्च केले म्हणजे काम अर्ध्यावर अडकून पडणार नाही?

गंमतजंमत

८,००० हा आकडा खरा आहे, की घरी सांगितलेला?

डेटनवासी (धागाकर्ता)

गंमतजंमत, तूर्तास दोन्ही एकच आहेत. मी आशावादी माणूस आहे.

निवृत्त_टेल्कोकर

अभिनंदन. मी पिंपरीच्या कारखान्यात ट्रकच्या चेसिसवर उमेदीची वर्षे घालवली असल्यामुळे पहिल्या प्रश्नापुरते बोलतो.

मॉडेल ए ची चेसिस म्हणजे पत्रा दाबून केलेले दोन उघडे सी-आकाराचे उभे गज आणि त्यांना जोडणारे मोजके आडवे क्रॉस मेंबर. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर चेसिसने थोडे पिळले जाणे अपेक्षितच होते. ४० अश्वशक्तीला ते चालून गेले. तुम्ही त्याच्या चौपट ताकद तिथे बसवणार असाल तर नाकापेक्षा मोती जड होईल.

उघड्या गजाची उणी बाजू पिळात दिसते, वाकण्यात तितकी नाही. समजण्यापुरता नमुना म्हणून १०० मिमी उंच, ४५ मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असा सी-गज धरा. त्याचा पिळाविरुद्धचा स्थिरांक सुमारे १,७०० मिमी चतुर्घात येतो. उघडी बाजू त्याच जाडीची पट्टी वेल्ड करून बंद केली की तोच आकडा आठ लाखांच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ ५०० पट होतो. कॅलेंडर गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची नळी हातात घेऊन पिळून पाहा, मग तिला उभी चीर देऊन पुन्हा पिळा. फरक बोटांना कळेल.

एवढे वाचून उत्साहात इकडून तिकडे सगळा गज बंद करू नका. चेसिस ही एका गजाची नसते. दोन्ही गज क्रॉस मेंबरना कसे जोडलेले आहेत त्यावर बराचसा ताठपणा ठरतो, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ ५०० पटींच्या जवळपासही जाणार नाही. इंजिनाच्या माउंटपासून मागच्या पाट्याच्या क्रॉस मेंबरपर्यंतचा भाग बंद करा, गिअरबॉक्सखाली नवा क्रॉस मेंबर द्या आणि त्यापासून दोन्ही गजांकडे तिरके हात न्या. साध्या रस्त्यावरच्या गाडीला तेवढे पुरेल.

गिअरवेडा

टेल्कोकर काकांचे गणित मान्य आहे, पण मुळात एवढी मेहनत कशासाठी? एस-१० ची चेसिस कारखान्यातूनच मजबूत येते. तिच्यावर स्टिअरिंग, पुढचे डिस्क ब्रेक, मागचा ॲक्सल, पेट्रोलची नळी, हँडब्रेक असे सगळे जागच्या जागी असते. इथे ओहायोत गंजलेल्या बॉडीची चालू एस-१० दीड हजार डॉलरांच्या आत मिळू शकते. तिची बॉडी उचलून बाजूला ठेवायची आणि मॉडेल ए चा काउल वर चढवायचा. ज्याचे बजेट ८,००० आहे त्याने हाच मार्ग धरावा असे माझे स्पष्ट मत आहे.

मिशिगनची_मेघना

गिअरवेडा, कागदावर हा मार्ग स्वस्त दिसतो. माझ्या शेजाऱ्याने हाच मार्ग घेतला होता आणि मी त्या कामात हात लावला आहे, म्हणून तपशिलात लिहिते.

आखूड हौद्याच्या एस-१० चा व्हीलबेस १०८.३ इंच आहे, मॉडेल ए चा १०३.५ इंच. म्हणजे जवळजवळ पाच इंच कापून चेसिस पुन्हा जोडणे आले, नाहीतर मागचे चाक बॉडीच्या कमानीच्या मागे पडते. दुसरे असे की, एस-१० चे गज मॉडेल ए च्या गजांपेक्षा रुंद अंतरावर आहेत. मॉडेल ए ची चेसिस पुढे निमुळती होत जाते आणि बॉडीची खालची कड तिच्या रेषेला धरून चालते. हॉट रॉडला मडगार्ड नसतात, त्यामुळे चेसिस उघडी दिसते. तिथे एस-१० चे जाड, आडवेतिडवे वळलेले गज आणि पुढच्या चाकांचे लोंबते कंट्रोल आर्म दिसू लागले की गाडी पिकअपवर ठेवलेल्या पेटीसारखी भासते. ते झाकण्यासाठी फरशी कापून बॉडी खाली उतरवावी लागते, मग पाय ठेवायला जागा उरत नाही, मग आसन खाली न्यावे लागते. शेजाऱ्याचे वाचलेले पैसे याच साखळीत गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझा सल्ला असा आहे की एस-१० अवश्य विकत घ्या, पण तिची चेसिस वापरू नका. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, पेडल, वायरिंगमधले कामाचे तुकडे काढून घ्या आणि उरलेले विका. दरवाजे, काचा, हौद्याचे मागचे झाकण यांना गिऱ्हाईक मिळते, आणि राहिलेले भंगारवाला वजनावर नेतो.

गिअरवेडा

पेटीसारखी भासते हे मान्य नाही. पुढे नीट केलेल्या एस-१० वरच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पण पाच इंच कापावे लागतात हे खरे आहे, आणि जो नवशिक्या चेसिस लांबीत कापायला घाबरतो त्याने तो मार्ग धरू नये, इतपत माघार घेतो.

खडूस_आजोबा

मला या सगळ्याचेच वाईट वाटते. जवळजवळ शंभर वर्षे टिकलेली वस्तू कापायची, जोडायची आणि तिच्यात परक्या कंपनीचे इंजिन कोंबायचे, याला हौस म्हणतात का? मूळ इंजिन शोधा, मूळ गाडी उभी करा. मॉडेल ए चे जवळजवळ सगळे सुटे भाग अमेरिकेत आजही नवे मिळतात.

निवृत्त_टेल्कोकर

आजोबा, तुमची तळमळ समजते. परंतु १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत मॉडेल ए सुमारे ४८ लाख बनल्या. संपूर्ण, अस्सल गाडी कोणी कापत असेल तर मीही तुमच्या बाजूने उभा राहीन. इथे तर इंजिन नाही, पूर्ण बॉडी नाही, आणि काउल व दोन दरवाजे काय ते शिल्लक आहेत. यातून मूळ गाडी उभारायची तर आधी तयार मूळ गाडी जितक्याला मिळते त्याहून अधिक खर्च होईल.

खडूस_आजोबा

ठीक आहे. मग निदान मागचा ॲक्सल आणि पुढचे न लागणारे भाग भंगारात घालू नका. मूळ गाडी जपणारे लोक ते आनंदाने विकत घेतील.

डेटनवासी (धागाकर्ता)

आजोबा, हे मनापासून पटले. विक्रीच्या यादीत मागचा ॲक्सल टाकला आहे. त्याचे गुणोत्तर ३.७८ असल्याचे वाचले. तो ठेवून चालणार नाही ना, याची खात्री करून घ्यायची आहे.

मिशिगनची_मेघना

चालणार नाही. मॉडेल ए च्या मागच्या ॲक्सलला प्रोपेलर शाफ्ट बंद नळीतून येतो आणि तीच टॉर्क ट्यूब ॲक्सलला पुढेमागे हलण्यापासून अडवते. उघड्या शाफ्टचा एस-१० चा ॲक्सल घातला की ते काम करायला कोणी उरत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना चेसिसपासून ॲक्सलपर्यंत दांड्या द्याव्या लागतात. फक्त मागच्या दोन चाकांना ओढ असलेल्या एस-१० चा ॲक्सल मुळातच अरुंद असल्यामुळे तो कापून छोटा करण्याची गरज सहसा पडत नाही, हा मोठा फायदा.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात चाके बसवायच्या दिवशी येते. मॉडेल ए च्या चाकांचे पाच बोल्ट साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात आणि एस-१० चे पावणेपाच इंचांवर. पुढे जुनी फोर्ड आणि मागे एस-१० ठेवली तर सुटे चाक कोणते बाळगणार? हब आणि ब्रेक निवडतानाच दोन्हीकडे एकच वर्तुळ येईल असे पाहा. तारांची चाकेही त्या आजोबांच्या गिऱ्हाईकांना द्या आणि साधी १५ इंची पोलादी चाके घ्या.

कोकणी_मेकॅनिक

इंजिनाबद्दल कोणी बोललेच नाही म्हणून लिहितो. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ दिले, २२१ घनइंचांचे आणि ६५ अश्वशक्तीचे. हॉट रॉडवाल्यांचे ते आद्यदैवत आहे. मनात असेल तरी ते घेऊ नका. चांगल्या स्थितीतले हे जुने व्ही-८ (याला फ्लॅटहेड म्हणतात) आता महाग झाले आहे, तडकलेला ब्लॉक गळ्यात पडला तर सगळे बजेट तिथेच संपेल, आणि ते तापते तो भाग वेगळाच.

बहुतेक लोक शेव्हरोलेचे ३५० घनइंची व्ही-८ सुचवतील. तुमच्या बजेटला त्याच घराण्यातले ४.३ लिटरचे व्ही-६ अधिक शोभेल. सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक ३५० चाच आहे, फक्त दोन सिलिंडर कमी आहेत. त्यामुळे लांबी कमी, आणि फायरवॉल (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधला पत्रा) कापण्याचा प्रसंग टळण्याची शक्यता वाढते. एस-१० मध्ये हेच इंजिन १९८८ पासून मिळत होते, म्हणजे दाता गाडी निवडताना ते असलेलीच निवडता येईल. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाच्या) बोल्टांच्या भोकांची मांडणी ३५० शी जुळते. उद्या लॉटरी लागली तर व्ही-८ त्याच गिअरबॉक्सला बसेल. फक्त गिअरबॉक्सला ती ताकद झेपते का ते त्या वेळी पाहा.

गंमतजंमत

लॉटरी लागल्यावर माणूस व्ही-८ घेईल की घरी सांगितलेला आकडा दुरुस्त करेल?

सॅन_होजेकर

कोकणी_मेकॅनिक यांच्याशी सहमत, फक्त कागदपत्रांचा विचार आधी करा अशी पुस्ती जोडतो. आमच्याकडे कॅलिफोर्नियात घरी जुळवलेल्या गाडीला धुराच्या नियमांतून विशेष सवलत हवी असेल तर वर्षाला पहिल्या ५०० गाड्यांनाच ती मिळते, आणि जानेवारीच्या पहिल्याच कामाच्या दिवशी लोक अर्ज घेऊन उभे असतात. ओहायोचे नियम निराळे आहेत. तिथल्या मंडळींनी सांगावे.

कोलंबसचा_पाहुणा

सांगतो. ओहायोत सुट्या भागांतून जुळवलेल्या गाडीची तपासणी राज्याचे हायवे पॅट्रोल करते आणि मुख्य भागांच्या खरेदीच्या पावत्या दाखवाव्या लागतात. म्हणून आजपासून एक फाइल करा आणि कोठारवाल्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीपासून प्रत्येक कागद तिच्यात लावा. दाता एस-१० घेताना तिचे टायटल (मालकीचा सरकारी दाखला) विकणाऱ्याच्या नावाने आहे का ते पाहा. रोख पैसे देऊन कागदाविना गाडी उचलून आणणे म्हणजे उद्याच्या पावत्यांच्या ढिगातला मुख्य कागदच गमावणे.

एक विचारतो : चेसिसचा नंबर पाहिला का? मॉडेल ए मध्ये इंजिनावरचा नंबरच चेसिसच्या डाव्या गजाच्या वरच्या अंगावर, काउलच्या खाली येईल अशा जागी ठोकलेला असतो. बॉडी असताना तो दिसत नाही. तुमची चेसिस उघडी आहे, तेव्हा ही संधी आहे. ग्राइंडर लावू नका. गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासा आणि बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरपा टाका. अंक उमटून दिसतात. सँडब्लास्टिंगला देण्याआधी हे कराच, कारण उथळ ठोकलेला नंबर त्यात पुसला गेला तर पुढची दमछाक अटळ आहे.

डेटनवासी (धागाकर्ता)

आपल्या सांगण्यावरून काल रात्री तेल लावले आणि आज सकाळी पाहिले. सुरुवातीचे अक्षर, चारही बाजूचा गंज निघाल्यावर मधले अंक आणि शेवटी एक तारा स्पष्ट दिसतो. दोन अंकांबद्दल शंका आहे, त्यांवर आज पुन्हा तेल सोडतो. शेतकऱ्याने दिलेल्या जुन्या टायटलवरच्या नंबराशी बाकीचे जुळतात.

कोलंबसचा_पाहुणा

उत्तम. मग मूळ चेसिस ठेवण्याच्या बाजूने आणखी एक कारण मिळाले. टायटलवरचा नंबर आणि गजावरचा नंबर एकच असेल तर ही गाडी कागदावर १९३० ची फोर्ड म्हणून चालत राहण्याला आधार आहे. एस-१० च्या चेसिसवर बसवलेली तीच बॉडी काय ठरेल, हा वाद काउंटरवरच्या बाईंशी घालावा लागला असता. तरी काम सुरू करण्याआधी टायटल कार्यालयात एकदा स्वतः विचारून या.

सांगलीकर_भाऊ

थोडे विषयांतर करतो, क्षमस्व. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी पडून आहे. तिच्यावर असा प्रयोग महाराष्ट्रात करता येईल का?

कोकणी_मेकॅनिक

सांगलीकर भाऊ, दोन अडचणी आहेत. पद्मिनीला वेगळी चेसिसच नाही. बॉडी हीच तिची चेसिस. ॲम्बॅसडरचेही तसेच. बॉडी उतरवून खाली शिडीसारखी चेसिस सापडेल अशी आपल्याकडची जुनी वस्तू म्हणजे जीप.

दुसरी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलात बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दुजोरा दिला. इंजिन बदलायचे तरी आरटीओची परवानगी लागते. २०२१ च्या विंटेज गाड्यांच्या नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हीए अक्षरांची वेगळी पाटी मिळते, पण तिथेही गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. पद्मिनी आहे तशी जपा, तिच्यात आनंद आहे.

सांगलीकर_भाऊ

समजले. मग डेटनवासींची गाडी उभी राहताना बघण्यातच आनंद मानतो. पण वेल्डिंगबद्दल दोन शब्द सांगतो, कारण आमचा पिढीजात धंदा ट्रॉल्या आणि नांगर बनवण्याचा आहे.

गज बंद करायची पट्टी एका दमात वेल्ड केली तर चेसिस केळीसारखी वाकते, कारण वेल्ड थंड होताना आवळतो. आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा. मग डाव्या गजावर दोन-तीन इंच, नंतर उजव्या गजावर दुसऱ्या टोकाला तेवढेच, असे फिरत राहा आणि हात लावता येईल इतके थंड झाल्याशिवाय जवळचा भाग घेऊ नका. हे सुरू करण्याआधी चेसिस चार भक्कम लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवून लेव्हलमध्ये आणा आणि घोड्यांनाच टॅक मारून धरा.

मोजमाप जमिनीवर घ्या. चेसिसच्या पुढच्या-मागच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने फुली करा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्णांत तीन मिमीपेक्षा अधिक फरक आला तर चेसिस काटकोनात नाही, ती सरळ केल्याखेरीज पट्टी लावू नका. त्या फुल्या काम संपेपर्यंत पुसू देऊ नका. प्रत्येक दिवसाच्या अखेरीस ओळंबा पुन्हा त्यांच्यावर येतो का ते पाहा.

निवृत्त_टेल्कोकर

सांगलीकर भाऊंचा प्रतिसाद छापून गॅरेजच्या भिंतीवर लावा.

पुण्याची_आर्या

मी गाड्यांतली जाणकार नाही, पण प्रकल्पांचे अंदाजपत्रक करणे हा माझा व्यवसाय आहे. आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून हिशेब मांडून पाहते. एस-१० ला दीड हजार. पुढचा ॲक्सल, स्टिअरिंग आणि ब्रेक यांना अडीच हजार. पोलाद, गॅस आणि वेल्डिंगच्या सामानाला सातशे. रेडिएटर, पेट्रोलची टाकी, वायरिंग, सायलेन्सर यांना अठराशे. टायर आणि चाकांना आठशे. एकूण ७,३०० झाले. यात बॉडीचा उरलेला भाग नाही, आसन नाही, काच नाही आणि रंग तर नाहीच. कोणी सांगेल का, की मागे बसणाऱ्याने कशावर बसायचे?

गंमतजंमत

मागे बसायला जागाच नसते, ताई. हा खर्च वाचला.

मिशिगनची_मेघना

आर्याचा तक्ता वास्तवाच्या जवळ आहे, म्हणूनच तो नीट वाचा. इंजिनाचा खर्च त्यात जवळजवळ दिसतच नाही, कारण ते एस-१० सोबत आले. खरा पैसा पुढच्या टोकाला आणि किरकोळ सामानात जातो. बॉडीच्या बाबतीत डेटनवासी भाग्यवान आहेत, कारण मॉडेल ए च्या पोलादी बॉड्या नव्याने घडवणारी ब्रूकव्हिल रोडस्टर ही नावाजलेली कंपनी त्यांच्या शहराजवळच आहे. पूर्ण नवी बॉडी या बजेटमध्ये बसणार नाही. पण काउल आणि दरवाजे हाती असल्यामुळे मागचे पत्रे तेवढे जुन्या बाजारांतून जमवता येतील. हौदा असलेला रोडस्टर पिकअप करायचा ठरवला तर मागची कठीण वळणे टळतात आणि हौदा साध्या सरळ पत्र्यातूनही बनतो. रंग पुढच्या वर्षावर टाका, तोवर प्रायमर शोभून दिसतो.

कुठे काटकसर करू नये तेही सांगते. मॉडेल ए चे ब्रेक सळ्यांनी ओढले जाणारे यांत्रिक ब्रेक आहेत आणि फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले. व्ही-६ घालणार असाल तर दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबताच ब्रेकच्या तेलावर दाब आणणारा भाग) आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक यात तडजोड नको. स्टिअरिंगचा जुना बॉक्स ९० वर्षे झिजला असणार. जुन्या व्हेगा गाडीच्या धर्तीवरचा बॉक्स नवा मिळतो, तो घ्या. त्यात ढकलदांडी आडवी चालते आणि पुढचा आडवा पाटा शॅकलवर (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीवर) डावी-उजवीकडे सरकू शकतो, त्यामुळे ॲक्सलला बाजूने धरून ठेवणारी पॅनहार्ड दांडी हवीच. नाहीतर खड्ड्यात गाडी आपणहून वळू पाहते.

गिअरवेडा

मेघनाताई, पुढे नळीचा ॲक्सल बरा की मूळ आय-बीमच खाली वाकवून घेतलेला? नळीचा स्वस्तात मिळतो.

मिशिगनची_मेघना

मूळ विशबोन (ॲक्सलला मागून धरणारी व्ही-आकाराची दांडी) चिरून दोन बाजूंना बांधायचे असेल, किंवा हेअरपिन (त्याच कामाच्या, केसांच्या पिनेसारख्या दांड्या) लावायचे असतील, तर आय-बीमच ठेवा. एक चाक उचलले गेले की त्या दांड्या ॲक्सलला पीळ देतात. आय-बीम तेवढा पिळला जातो, नळी पिळली जात नाही, आणि मग ताण दांडीच्या टोकांवर किंवा वेल्डवर येतो. टेल्कोकर काकांनी वर सांगितलेला बंद आकार इथे अंगाशी येतो. नळीचाच घ्यायचा असेल तर चार समांतर दांड्यांची जोडणी करा, पण तिचा खर्च वेगळा.

निवृत्त_टेल्कोकर

बरोबर. एकाच गाडीत चेसिस ताठ हवी आणि ॲक्सल लवचिक, हे ऐकून आमच्याकडे नव्या ट्रेनीचा चेहरा पाहण्यासारखा होत असे.

डेटनवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नांकडे परततो आणि ठरवलेला आराखडा मांडतो; कुठे चुकत असेल तर थांबवा.

चेसिस मूळचीच ठेवतो, मधला भाग बंद करतो, गिअरबॉक्सखाली नवा क्रॉस मेंबर देतो. पुढे आय-बीम चार इंच खाली आणलेला आणि विशबोन चिरलेला. ४.३ चे व्ही-६ असलेली, टायटल स्वच्छ असलेली एस-१० शोधतो आणि ती चालू स्थितीत असतानाच घेतो, म्हणजे इंजिन ऐकून घेता येईल. बॉडी रोडस्टर पिकअपची. आधी चाके, टायर, दोन्ही ॲक्सल आणि रिकामा इंजिन ब्लॉक जागेवर ठेवून गाडीची बसण्याची उंची ठरवतो, आणि ती ठरल्याशिवाय कोणताही ब्रॅकेट पक्का वेल्ड करत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगसाठीचे अडीच हजार आजच बाजूला काढले आहेत, त्यांना हात लावणार नाही.

एक शंका उरली आहे. पेडल फरशीखाली लटकवायचे म्हणजे मास्टर सिलिंडर चेसिसच्या गजाला, चाकांवरच्या ब्रेकच्या पातळीपेक्षा खाली येतो. तेल उलटे वाहून पेडल दर वेळी खोल जाईल का?

कोकणी_मेकॅनिक

क्रम योग्य आहे. रिकामा ब्लॉक भंगारवाल्याकडे तडकलेला असला तरी चालेल, तुम्हाला फक्त त्याचे आकारमान हवे आहे. शिवाय इंजिन आणि मागच्या ॲक्सलचा कोन त्याच वेळी ठरवा : क्रँकशाफ्ट मागे जितके अंश खाली झुकते तितकाच पिनियन (मागच्या ॲक्सलमधला, शाफ्टला जोडलेला दंतचक्र-दांडा) वर असावा, म्हणजे दोन्ही रेषा समांतर राहतील. तीन अंशांच्या आसपास ठेवा. हा कोन गाडीच्या पूर्ण वजनावर मोजायचा असतो, रिकाम्या चेसिसवर नाही. बसण्याच्या जागी सिमेंटच्या गोण्या ठेवल्या तरी काम भागते.

मिशिगनची_मेघना

शंका रास्त आहे. मास्टर सिलिंडर ब्रेकच्या खाली असेल तर प्रत्येक वाहिनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लावतात. डिस्क ब्रेकच्या वाहिनीला २ पीएसआय (चौरस इंचावर पौंड, दाबाचे माप) आणि ड्रमच्या वाहिनीला १० पीएसआय. अदलाबदल करू नका, कारण डिस्कला १० चा लावला तर पॅड सतत घासत राहून तापतील. एस-१० चा मागचा ॲक्सल ड्रमचा असेल तर मागे १०, पुढे तुम्ही काय निवडता त्यावर. पेडलचे गुणोत्तर सहास एक ठेवा, कारण इथे व्हॅक्युम बूस्टरला (पेडलचा जोर वाढवणाऱ्या यंत्राला) जागा नसते. आणि तेल भरायचे झाकण उघडता येईल अशी खिडकी फरशीत आत्ताच आखून ठेवा, बॉडी चढल्यावर तिथे हात पोचत नाही.

डेटनवासी (धागाकर्ता)

फरशीतली खिडकी आराखड्यात काढली. टायटल कार्यालयात शुक्रवारी जाऊन येतो आणि तिथे काय सांगतात ते इथेच लिहितो. एस-१० ची एक जाहिरात झेनिया गावातून आली आहे, ४.३ आहे, पण विकणारा म्हणतो की गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरला कुरकुरतो.

कोकणी_मेकॅनिक

किंमत त्या कुरकुरीएवढी कमी करून घ्या आणि गिअरबॉक्सचे तेल काढून त्यात पितळेचा चुरा किती आहे ते बघा. थोडा असेल तर सिंक्रोनायझर रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) झिजल्या आहेत, त्या बदलता येतात. लोखंडाचे कण चमकले तर ती गाडी सोडा.